घाटाखालचा थांबा

गाडी जितकी वेगवान, तितके तिचे थांबे कमी. जगभरच्या वेगवान रेल्वेंचा अभ्यास करून मी मुख्यतः एवढंच शिकलो, आणि हे सांगण्यासाठी पुण्याची एक कंपनी मला पगार देते.

बालाघाटाच्या डोंगरातून उद्या अशी गाडी न्यायची ठरलीच, तर ती कुठून न्यावी आणि कुठं थांबवावी, याचा प्राथमिक अभ्यास आमच्याकडे आला होता. प्राथमिक म्हणजे सगळं कागदावर. बीडला साधी रेल्वे यायची वाट बघता बघता माणसांचे केस पांढरे झाले, तेव्हा हिचं काय ते समजून घ्या. तरी आमच्या नकाशावर धारूरच्या घाटाखाली थांब्याचा एक ठिपका होता, अगदी माझ्या गावाला लागून. तो मीच टाकला होता. मला त्याची लाज वाटत नाही. दुसरं कोण टाकणार होतं?

माझ्या वरिष्ठ सत्यशीला मॅडम अशा ठिपक्यांवर लगेच बोट ठेवतात. "प्रविण, इथून गाडीत कोण बसणार? माणसं दाखव. उद्या संध्याकाळपर्यंत दाखवलीस तर थांबा राहील, नाहीतर तूच काढ."

दसरा होऊन गेला होता. मी रात्रीच्या गाडीनं गावात आलो आणि सकाळी मारुतीच्या पारावर माणसं गोळा केली. बायका पलीकडे लिंबाखाली बसल्या, त्यांत माझी आई दगडाबाईही होती. मी लॅपटॉपवर चित्रं दाखवत बोलायला लागलो. जपाननं पहिला मार्ग टाकला तो जुन्या रुळांवर गर्दी मावेना म्हणून. म्हणजे आधी माणसं, मग गाडी. स्पेननं उलटं केलं. आधी गाडी नेली, माणसं येतील म्हणाले, आणि तिथली काही स्टेशनं अजून माणसांची वाट बघतायत. चीननं तर थोड्या वर्षांत इतके मार्ग टाकले की बाकी सगळ्या जगाचे मिळून तेवढे होत नाहीत. फ्रान्समध्ये दोन शहरं भांडली, म्हणून स्टेशन मधेच शेतात पडलं. साखरेच्या बीटाची शेतं ती. लोक त्याला चेष्टेनं बीटाचं स्टेशनच म्हणतात.

साखर म्हटल्यावर आश्रुबा पुढं सरकला. मुकादमाच्या टोळीत ऊस तोडण्यात त्याची उभी हयात गेलेली. "मंग बीट काढायला मान्सं त्या गाडीनं येत्यात का?"

"न्हाई काका, बीट मशीन काढती."

"मंग स्टेशन मशीनसाठी केलंय काय बे?"

सगळा पार हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं, कारण फ्रान्समध्येही टीकाकारांनी जवळजवळ हेच विचारलं होतं. मग मी मुद्द्यावर आलो. "गेल्या वर्षात गावाबाहेर लांबचा प्रवास कुणी कुणी केला? हात वर करा."

दोन हात वर आले. एकजण तुळजापूरला जाऊन आला होता, दुसरा लेकीकडं नांदूरघाटाला. ते लांब धरायचं का, हे त्यालाच नक्की नव्हतं. बाकी सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत बसले. माझा पारा चढला. एवढं जग यांच्या पुढ्यात आणून मांडलं आणि हे दोन हात. मी लॅपटॉप मिटला आणि तरातरा घराकडे निघालो.

वाटेत सटवाच्या दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तो आणि त्याची बायको शिवकन्या तिच्यात सामान रचत होते. पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं, कोयते गुंडाळलेली गोधडी. पलीकडच्या दारातही तेच चाललेलं. आठवडाभरात निम्मं गाव कर्नाटकात आणि सोलापूरकडं ऊसतोडीला जाणार होतं, सहा महिन्यांसाठी. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी याच घरांतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी जपानपर्यंत घातला होता.

तसाच पारावर परत आलो. "आश्रुबाकाका, तुमी दरसाल कर्नाटकात जाता की. मंग हात कावून वर केला न्हाई?"

"त्ये व्हय?" तो खरंच चकित झाला. "त्ये तोडीला जानं. प्रवासाला तिकीट लागतंय, पिशवी भरावी लागती, नवं धोतर लागतंय. आमी ट्रॉलीत बसून जातो, त्येला प्रवास कोन म्हनतंय?"

आता मी विचारलं, तोडीला कोण कोण गेलंय. पारावरचे नि लिंबाखालचे जवळजवळ सगळे हात वर आले. मी जागेवरूनच मॅडमना फोन लावला आणि जिंकल्यासारखं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे वर्षातून दोनदा," त्या म्हणाल्या. "एकदा जाताना, एकदा येताना. सोबत पेट्या, पोती, शेरडं. प्रविण, जगातली कुठलीच वेगवान गाडी हे घेत नाही. तुझ्या जपानचीसुद्धा."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि राग त्याचाच आला. ज्यांच्यासाठी ठिपका टाकला, त्यांना ती गाडी दारातसुद्धा उभं करणार नव्हती.

घरी आलो तर आई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मी भिंतीला टेकून बसलो आणि ठिपका काढायला नकाशा उघडला. तिनं सूप थांबवलं.

"त्ये जपानचं मघा नीट कळलं न्हाई. आदी मान्सं म्हनलास. कुटं जात्यात ती?"

"कामाला. राहत्यात एका गावात, काम दुसऱ्या गावात. सकाळी गाडीनं जात्यात, रातच्याला जेवायला घरी. सगळी न्हाई, पन लई जन."

"किती लांब आसंल?"

"आपल्याहून सोलापूर धर."

"बायाबी?"

"बायाबी."

"रोज?"

"रोज, आई."

तिनं सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग हळूच बोलायला लागली. "तू रांगून नुकता चालाय लागलतास. तोडीवर पाचटाच्या कोपीत तुला सारका ताप यायचा, म्हनून त्या साली तुला थोरल्या जावंपशी ठिवून गेलते. छबुबाईपशी. आमी सोलापूरच्या अंगाला तोडीला. गुडीपाडव्याला परत आले, तर तू मला बघून तिच्या लुगड्याआड लपलास. हात पुढं केला तर रडलास. कितीक दिस माझ्याजवळ आला न्हाईस. कुनाला म्हनले न्हाई मी. रोज रातच्याला आले आसते, तर वळखलं आसतंस."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. चुलतीच्या लुगड्याचा वास मला अजून आठवतो, आणि आईचा त्या वयातला काहीच आठवत नाही. हे असं का, ते आत्ता कळत होतं. मला तिच्याकडे बघवेना.

मी मॅडमना पुन्हा फोन लावला. नकाशा समोर धरून बोलायचं होतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला. "मॅडम, थांबा मी काढत नाही. ही माणसं वर्षातून दोनदाच जातात, कारण त्यांना रोज परत येता येत नाही. रोज येता आलं तर पेट्या कशाला न्यायच्या? पोरं मागं कशाला ठेवायची? आपण आत्ता जातात ते मोजतोय. परत यायचं होतं आणि येता आलं नाही, ते कुठं मोजतोय?"

"भावनेच्या भरात बोलू नकोस," मॅडम म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती, थकवा होता. "तिकीट परवडायचा प्रश्न बाजूला ठेव. दिवसभर ऊस तोडायचा, आणि त्यासाठी सकाळ-संध्याकाळ एवढा प्रवास. मला एक सांग, कोण करील हे रोज?"

आईनं सूप बाजूला ठेवलं आणि फोनकडे वाकली.

"मी केला आसता, बाई."

मी फोन उचलायला गेलो, तेवढ्यात मॅडम बोलल्या.

"राहू दे तो थांबा. वरचे काढतील, प्रविण, नक्की काढतील. पण आपल्या हातानं नको."