बाबांच्या खिडकीवर

धाकटीला मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची बातमी सगळ्यात शेवटी कळली ती धाकटीलाच. बाबा तिथल्याच प्रवेश विभागात नोकरीला होते. यादी बाहेर लागायच्या आधीच त्यांनी ती पाहिली, ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला, दादाला फोन केला, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना थांबवून सांगितलं, आणि मग घरात येऊन चपला काढता काढता म्हणाले, "झालं तुझं काम."

"मी त्या दुसऱ्या ठिकाणी जाणार आहे," धाकटी म्हणाली.

बाबांनी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण हात धुवायला निघून गेले.

ते दुसरं ठिकाण म्हणजे गावाच्या पार टोकाला, रुग्णालयाच्या मागच्या अंगाला असलेली एक लहानशी संस्था. तिथे कृत्रिम हातपाय बनवायला शिकवत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला धाकटी तिथे प्रशिक्षणाला म्हणून गेली आणि अडकली. पायाचा उरलेला भाग ज्यात बसवतात त्या वाटीला तिथे सॉकेट म्हणत. ते केसभर चुकलं तरी माणूस चालताना कळवळतो. ते घासून घासून बरोबर बसवण्यात तिला जे सुख मिळालं, ते कुठल्याही परीक्षेत पहिली येऊन मिळालं नव्हतं. तिथेही तिला प्रवेश मिळालेला होता. पण त्या संस्थेचं नाव सांगितलं तर लोक "कुठे आलं हे?" असं विचारत, आणि विद्यापीठाचं नाव सांगितलं की सरसावून बसत.

बाबांनी सबंध आयुष्य खिडकीच्या आत बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या कागदांवर शिक्के मारण्यात घालवलं होतं. प्राध्यापक मंडळी त्यांना माघारी शिक्केबुवा म्हणत आणि समोर काहीच म्हणत नसत. एकदा एका विभागप्रमुखाने चारचौघांत त्यांना लिफ्टमधून उतरवलं होतं. "तुम्ही जिन्याने या, आम्हाला मीटिंग आहे." हा किस्सा बाबांनी जेवताना इतक्यांदा सांगितला होता, की ते कुठे थांबतात आणि कुठे पाणी पितात हेही घरच्यांना पाठ झालं होतं. धाकटीला प्रवेश मिळाला तो नेमका त्याच माणसाच्या विभागात.

पुढच्या आठवड्यात धाकटी कागदपत्रं घेऊन संस्थेत गेली. तिथल्या प्रमुख मॅडम वर्कशॉपमध्ये उभ्या होत्या, कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"तुमची जागा गेली," त्या म्हणाल्या. "वडील आले होते तुमचे. मुलीने विद्यापीठात प्रवेश घेतलाय, एकाच विद्यार्थिनीने दोन जागा अडवू नयेत, म्हणाले. मी विद्यापीठात विचारून खात्री केली. तिथे तुमचं नाव पक्कं झालेलं होतं. वेटिंगवरच्या मुलाला बोलावलं मी."

"पक्कं मी नाही केलं. त्यांनी परस्पर केलं."

"मग ते त्यांच्याशी भांडा. घरातली भांडणं माझ्या वर्कशॉपमध्ये आणू नका."

धाकटी हलली नाही. "मला इथे काम द्या. कुठलंही. पुढच्या वर्षी परत अर्ज करते."

मॅडमनी हात पुसले. "घासकामाला माणूस हवाय मला. पण दोन डगरींवर पाय ठेवलेलं माणूस नकोय. तिकडचं रद्द करा, मग या."

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर धाकटीने ताटाला हात लावला नाही.

"तुम्ही तिथे गेला होतात?"

"गेलो होतो," बाबा मान वर न करता म्हणाले.

"मला न विचारता?"

"तुला विचारून तुला जन्माला घातलं का?"

दादाला बोलायला निमित्तच हवं होतं. "लोक विद्यापीठाच्या फाटकासमोर उभं राहून फोटो काढतात, आणि हिला लाकडाचे पाय करायचेत."

"लाकडाचे नसतात."

"मेणाचे असतील. फरक काय पडतो?"

"तुला तीनदा परीक्षा देऊन ते फाटक उघडलं नाही, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस."

दादा ताट तसंच टाकून उठला. त्याच्या खोलीचं दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. आईने ते उचललंही नाही. ती उठली आणि उगाचच नळ सोडून भांडी विसळायला लागली.

धाकटीची आता तळपायाची आग मस्तकात गेली होती. "तुम्हाला माझ्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही, बाबा. त्या माणसाने तुम्हाला लिफ्टमधून हाकललं, म्हणून त्याच्या नाकासमोर मला नेऊन उभं करायचंय. एवढंच."

तिला वाटलं, बाबा ओरडतील. निदान नाही तरी म्हणतील. त्यांनी घास नीट चावून गिळला.

"हो," ते म्हणाले. "एवढंच. त्यासाठीच शिकवलं तुला."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. खोट्याशी भांडता येतं.

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठात गेली. प्रवेश विभागात ओळीने खिडक्या होत्या, आणि इतर खिडक्यांवर गर्दी कमी होती. ती मुद्दाम बाबांच्या रांगेत उभी राहिली. पुढचा माणूस बाजूला झाला तेव्हा बाबांनी तिला पाहिलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"बोला."

"प्रवेश रद्द करायचाय."

"विद्यार्थ्याचं पूर्ण नाव?"

तिने सांगितलं. मधलं नाव, म्हणजे त्यांचंच, जरा जास्तच मोठ्याने सांगितलं. शेजारच्या खिडकीतला कारकून लिहायचा थांबला.

"अहो, ही तुमचीच ना?"

"तुम्ही तुमची रांग बघा," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "कारण?"

"कारण सांगायलाच लागतं का?"

"नाही."

मागे कुणीतरी कुजबुजलं. आतल्या टेबलांवरची दोन-तीन डोकी वर झाली. बाबांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं, आणि काचेच्या भोकाशी थोडं वाकले. क्षणभर त्यांचा आवाज घरचा झाला.

"एकदा गेलं की परत मिळत नाही."

"माहीत आहे मला."

मग त्यांनी शिक्का मारला. तो नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा मारला, जोरात. कागद काचेखालून ढकलला आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाले, "पुढचे."

बाहेर पडताना तिला आधी जिंकल्यासारखं वाटलं. फाटकापर्यंत पोचेस्तोवर मात्र ते ओसरलं. बाबांना आता त्या लोकांमध्ये दिवसभर बसायचं होतं, आणि ते सगळं तिने जाणूनबुजून केलं होतं. तरीही ती मागे फिरली नाही. तडक संस्थेत गेली.

वर्षभर ती घासकाम करत राहिली. नाकातोंडात पांढरी भुकटी जायची, हात सोलवटायचे. एका बाईचा पाय अपघातात गेला होता. पहिल्यांदा सॉकेट घातलं तेव्हा ती धाकटीच्या अंगावर खेकसली, "पाय दिलाय की शिक्षा?" धाकटीने ते परत नेलं, आतून थोडं घासून उतरवलं, पुन्हा आणलं. बाई दोन पावलं चालली आणि पुन्हा शिव्या देऊ लागली. चौथ्या खेपेला ती खोलीच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि काही न बोलता खुर्चीत बसली. धाकटीला तेवढं पुरलं.

घरात मात्र बाबांनी अबोला धरला तो धरलाच. काही सांगायचं झालं तर आईला सांगत, धाकटी समोर बसलेली असतानासुद्धा. "तिला म्हणावं, बाथरूममधला दिवा चालू राहिलाय." ऑफिसात कुणी मुलीची चौकशी केली तर ते म्हणत, मला एकच मुलगा. हे दादाने कुणाकडून तरी ऐकलं आणि घरी येऊन मोठ्या चवीने सांगितलं. आई त्याच्यावर कडाडली, पण बाबांना काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी धाकटीला संस्थेत जागा मिळाली. तिने ते आईला सांगितलं, बाबांना ऐकू जाईल अशा बेताने. बाबा पेपर वाचत होते. तो घडी करून बाजूला ठेवत त्यांनी वर्षात पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"हॉस्टेल आहे का तिथे?"

ती लगेच म्हणाली, "आहे."

"मग तिकडेच राहा."

त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी सुट्टी होती, तरी बाबा सकाळीच ऑफिसचे कपडे करून बाहेर पडले. दादा खोलीतून आला नाही. बॅग घेऊन आई तेवढी खाली आली. दोघी गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या.

"ते कधी बोलतील का गं माझ्याशी?" धाकटीने शेवटी विचारलं.

"त्यांच्या जागी तू असतीस तर बोलली असतीस?" आई चिडूनच म्हणाली. "त्या दिवशी एवढ्या खिडक्या होत्या तिथे."

गाडी आली. आईने बॅग आत ढकलली, दार लावलं, आणि गाडी सुटायची वाट न बघता जिना चढायला लागली.