गाडी निघेपर्यंत

पिन बोटाच्या पेराहून जराशी लांब, दोन पाय एकमेकांना चिकटलेले, डोक्याशी गोल डोळा... धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातून ती मोरीच्या फरशीवर पडली आणि ललिताने उचलून त्याच्या हातावर ठेवली, जसं ती नेहमी वायसर, फ्यूज, बिडीची थोटकं ठेवायची.

"घ्या जी, तुमचा खजिना."

हिरालालने पिन उजेडात धरली. नवी होती, एकदाही न वाकवलेली. स्टेअरिंगच्या दांडीचा नट हादऱ्यांनी सैल होऊ नये म्हणून त्याच्या आरपार घालायची आणि पाय दोन्हीकडे वाकवून टाकायचे, एवढंच तिचं काम — आणि तिच्याशिवाय दांडी चाकापासून निखळली की स्टेअरिंग हातात गरगर फिरतं आणि चाक स्वतःच्या मर्जीने जातं. दुकानदाराला तो बारा म्हणाला होता, त्याने पुडी बांधून दिली होती, आणि राईस मिलच्या शेडमध्ये वर्तमानपत्रावर त्याने त्या ओळीने मांडल्या होत्या. चौतीस वर्षांची पद्धत. पेपर रिकामा झाला की काम झालं. एका जीपचा नट विसरला होता तेव्हा उस्तादाने कानाखाली काढली होती, तिथे तो हे शिकला. दुसरी शाळा त्याच्या नशिबात नव्हती.

आणि आता ही त्याच्या तळहातावर.

घड्याळात सव्वासात झाले होते. त्याने नवी केलेली जुनी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघायचा मुहूर्त साडेआठचा. मिल इथून मोटरसायकलने दहा मिनिटं.

काल संध्याकाळी तो गाडीखाली पाठीवर झोपलेला होता, डाव्या बाजूचा शेवटचा नट, हातात पिन — तेव्हा वरून निर्मलाबाईंचा आवाज आला. मिलमालक योगराजची आई. त्या हिरालालशी कधी सरळ बोलत नसत, दोन वर्षांत एकदाही नाही.

"योगराज, त्याले म्हण आता निंघ खालून. भटजी आले."

"हिरालाल, पाच मिनिट बाहर थांब यार. आईचं असतेच काही ना काही."

तो निघाला. बाहेर कोंड्याच्या ढिगाजवळ ग्रीसचे हात लोंबते सोडून उभा राहिला. आत घंटी वाजली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू — हे सगळं त्याने शेकडो गाड्यांना होताना पाहिलं होतं, त्याचं काही नाही. पण मग भटजीने तांब्या उचलला आणि आंब्याच्या पानाने शिंपडायला लागला, बॉनेटवर, दोन्ही सीटांवर, गिअरच्या दांडीवर, स्टेअरिंगवर जरा जास्तच, आणि वास बाहेरपर्यंत आला. गोमूत्र. शुद्ध करत होते साले. कशापासून? ती गाडी दोन वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली होती.

"आता सकाळपर्यंत कोणी हात लावाचा नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. कोणी!

एक पिन राहिली, एवढं म्हणता आलं असतं. चार शब्दसुद्धा नाहीत. तो तसाच घरी आला.

"च्या घेता का?" ललिताने विचारलं.

"दे."

साठ वर्षांपूर्वी योगराजच्या आजाने ही गाडी एका इंग्रज रेल्वे साहेबाकडून घेतली होती, साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा. दोनच सीटा, वर टप नाही, लांब नाक, तारांची चाकं. आजा मालगुजार, अख्ख्या गावाचा जमीनदार; तो तिच्यात बसून चोरखमाऱ्याला शिकारीला जायचा, आणि तलावाच्या पाळीवर चिखलात ती फसली की ढकलायला वस्तीतली माणसं बोलावली जायची. त्यांच्यात हिरालालचा बाप, बिसराम, चौदा-पंधरा वर्षांचा. हाताला पोतं गुंडाळून ढकलायचं. पत्र्याला हात लागता कामा नये. रंग खराब होते म्हणून, असं सांगायचे. मालगुजाराचा धोतरवाला दिवाणजी मात्र उघड्या हाताने दरवाजा लावायचा, त्याने रंगाला काही होत नसे. बाप हे सांगताना हसायचा. "पण गाडी लय भारी होती गा हिरा!" पोत्यापेक्षा ते हसणं हिरालालला जास्त झोंबायचं. छप्पन साली बाप नागपूरला जाऊन आला, घरातले देव बोदलकशाच्या तलावात सोडले, पुन्हा कोणाची गाडी ढकलली नाही — आणि तरी ते हसणं मरेपर्यंत तसंच.

मग ती गाडी धानाच्या तणसाखाली चाळीस वर्षं पडून राहिली. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली. योगराजने ती ट्रॅक्टरवर घालून मिलमध्ये आणली आणि म्हणाला, दिसली पाहिजे आजोबाच्या टायमाची, पण रस्त्यात बंद नाही पडली पाहिजे. म्हणजे काय, ते हिरालालला एका वाक्यात समजलं. जुनं इंजिन निघालं. हायवेवर उलटलेल्या एका नव्या कारचं इंजिन आत बसलं, तिचाच पाच गिअरचा बॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, बिजलीचा पंखा. ते बसवायला चेसिसला नव्या पट्ट्या, स्टेअरिंगच्या दांड्या नव्या, सगळं स्वतः कापून, स्वतः जोडून, कारण असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. आणि पत्रा... पत्रा घासताना उंचसखल डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतं. डोळे मिटून हात फिरवावा लागतो. त्या गाडीची बोटभर जागा अशी नव्हती जिच्यावरून बिसरामच्या पोराचा उघडा तळहात शंभरदा फिरला नसेल. हे निर्मलाबाईंना आता कळलं? दोन वर्षांनी? की रोजच कळत होतं आणि काम होईपर्यंत थांबल्या होत्या?

पावणेआठ.

"आज जाऊन नाही राहिले का जी? तुमीच त बनवली गाडी."

"बोलावलं नाही."

"बोलवाले कायले पायजे? काऊन असं तोंड करून बसले?"

त्याने दुसरा कप मागितला. ललिताने पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.

नट घट्ट आवळला होता. तेवढं नक्की. पिनेशिवायही नट धरतो, कधी दहा किलोमीटर, कधी पाचशे, कधी जन्मभर. फेरी बोदलकशापर्यंतची. तिरोड्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे बोदलकशाच्या जंगलात फुटलेला, खड्ड्यांवर खड्डे... तिथे सुटेल सुटलाच तर, त्या उताराच्या वळणावर, डावीकडे सागवानाचे बुंधे. त्याला ते वळण दिसत होतं. बुंधे मोजता आले असते. गाडीत योगराज दिसत होता, एकटा, काळा चष्मा लावून. डावी सीट रिकामी होती. ती रिकामी कोणी ठेवली? हिरालालनेच ठेवली, आणि चहा ओतून घेतला.

फोन काढला. योगराजभाऊ मिल — नाव पडद्यावर आलं, अंगठा बटणावर गेला, आणि पडद्याचा उजेड आपोआप विझेपर्यंत तो अंगठा तिथेच राहिला. काय सांगू? पिन राहिली? मग म्हणतील, मुद्दाम ठेवली. या लोकांचं असंच. आणि गोंदियात कोण आपल्याला गाडी देईल मग... हे कारण चांगलं होतं. इतकं चांगलं होतं की त्याला स्वतःलाच त्याचा संशय आला. पण तरी त्याने फोन खिशात टाकला. पाच मिनिटं बाहेर थांब म्हणाला ना? थांबलो. अजून थांबलोच आहे.

साडेआठ होऊन गेले, आणि रस्त्यावर हॉर्न वाजला. तो हॉर्न त्यानेच बसवला होता, दोन सुरांचा. वस्तीवरूनच रस्ता जातो, पोरं धावली, आणि हिरालाल दारात येईपर्यंत गाडी समोरून गेली, हिरवी, झेंडूच्या माळा घातलेली... आणि डाव्या सीटवर प्रेरणा होती.

योगराजची पोरगी. नागपूरला शिकणारी. सुट्टीत शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायची, पाने-पक्कड हातात द्यायची, आजीला चोरून त्याच्या डब्यातली सुकटीची चटणी खायची. डोक्याला ओढणी घट्ट बांधून ती बसली होती. तिने हात हलवला. "काका!"

मोटरसायकलला त्याने किती किका मारल्या ते आठवत नाही. ललिता मागून ओरडत होती, चप्पल तरी घाला. टेकडी नाही, चौक नाही, माणसं नाहीत, फक्त पुढचा रस्ता, आणि प्रत्येक वळणाआधी ते सागवानाचे बुंधे, आणि वळणानंतर रिकामा रस्ता, आणि पुन्हा वळण. त्यानेच बसवलेलं इंजिन, नव्वदने पळणार. याची खटारा साठलाच थरथरत होती. इतकं कशाला चांगलं केलंस रे? थांबेल ना योगराज कुठे, दाखवायला. थांबल्याशिवाय राहायचा नाही तो. थांब. अरे थांब ना!

रेल्वे फाटक बंद होतं.

गाडी फाटकाशी उभी, भोवती ट्रकवाले, सायकलवाले, मोबाईलने फोटो काढणारे. योगराज सांगत होता, "पूरी ओरिजिनल. इंजिन भी इंग्लंडका. दादाजीके टाइमका." हिरालाल मोटरसायकल आडवी टाकून गर्दीत शिरला.

"भाऊ, पुढे नेऊ नका. एक पिन राहिली. स्टेअरिंगची."

योगराजचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "इथं? एवढ्या लोकांत तू खाली झोपशील? तिरोड्याले पाहू."

"तिरोड्यापर्यंत नाही."

"पप्पा, पाहू द्या ना," प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता.

तो गरम डांबरावर झोपला आणि आत सरकला. वर माळांची फुलं, खाली त्याचं सगळं जग. ओळखीच्या नळ्या, ओळखीचे वेल्ड. हात डाव्या नटापाशी गेला.

पिन होती.

आरपार घातलेली, पाय वाकवलेले, एक वर, एक खाली, तो वाकवतो तसेच. उजवीकडे सरकून पाहिलं. तिथेही होती. एकेक करून सगळ्या पाहिल्या, बाराच्या बारा. काल वर तो आवाज आला तेव्हा डोळ्यांसमोर रागाने अंधार झाला होता, आणि हातांनी तेवढ्यात आपलं काम उरकलं होतं. हातांना काही सांगावं लागलं नव्हतं. पुडीत एक जास्तीची आली असेल. पेपर गुंडाळताना खिशात गेली असेल.

म्हणजे काहीच झालं नव्हतं. काही होणारच नव्हतं.

सुटलो, असं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, अर्ध्या श्वासाएवढं आधी, त्याला दुसरं वाटलं होतं, आणि तो तिथे उताणा पडून ते पाहत राहिला, कारण तिथून नजर फिरवायला जागाच नव्हती. तो हिरमुसला होता. पोरगी वर बसली होती आणि पिन जागेवर पाहून तो हिरमुसला होता. पिन नसती तर तो वाचवायला आलेला माणूस ठरला असता... त्यासाठी हिरमुसला? की त्या वळणासाठी? दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटत होती.

फाटक उघडलं. मागे हॉर्न सुरू झाले.

"काय रे, सोनं सापडलं का?" योगराज वाकून म्हणाला.

"सगळं बरोबर आहे." तो बाहेर आला. "मलाच वाटलं राहिली."

योगराजने सुस्कारा सोडला, आणि मग त्याचं मन एकदम मोठं झालं; त्याने हिरालालच्या ग्रीसच्या खांद्यावर हात टाकला, सगळ्यांदेखत, आणि गर्दीला म्हणाला, "देखो, ऐसा आदमी है! नंगे पाव आया, एक पिनके वास्ते. ये गाडी इसने बनायी. हिरालाल नाम है."

दोन वर्षं हेच ऐकायचं होतं. याच शब्दांत. कोणीतरी शाब्बास म्हणालं, एका ट्रकवाल्याने हात मिळवला.

"काका," प्रेरणा म्हणाली, तिचे डोळे भरले होते, "तुम्हाला कसं झालं असेल हो, कळल्याबरोबर धावत सुटलात..."

"हो," हिरालाल म्हणाला.

गाडी रूळ ओलांडून गेली, सरळ, जराही न डगमगता. त्याने रागाला हाक मारून पाहिली. पोतं होतं, तांब्या होता, पाच मिनिटं होती, सगळं खरं, तसूभरही खोटं नाही, उद्याही खरंच राहणार. पण राग आला तो दाराशीच थांबला, आत कोण आहे ते पाहून. हिरालालने सव्वा तास... नाही. हिरालाल नाही. मी. मी ती पिन घेऊन घरात बसलो होतो, आणि मला काही वाईट वाटत नव्हतं.