पाचवं नाव

सरकारी वेबसाइट म्हणजे काचेमागचा नोटीस बोर्ड, अशी २००८ सालापर्यंत रत्नागिरीतल्या बंदर खात्याच्या ऑफिसची समजूत होती. कागद स्कॅन करायचा, चित्र म्हणून टांगायचा, की दिली जनतेला माहिती! मग वरून फर्मान आलं, अंधांनाही वेबसाइट वाचता आली पाहिजे. बोलणारं सॉफ्टवेअर अक्षरं वाचतं, चित्रापुढे मुकं होतं. तेव्हा सगळ्या नोटिसा नव्याने टाइप करायचं काम कंत्राटावरच्या सुरय्याच्या गळ्यात पडलं.

तिने ते मन लावून केलं. घरी सासू उमैमाची दृष्टी काचबिंदूने गेलेली. वाचून दाखवणारं कुणी नसलं की काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. एका यादीपाशी मात्र तिचे हात थांबले. सात वर्षांपूर्वी वादळात बेपत्ता झालेले नऊ खलाशी. त्यांना मृत धरण्यास हरकत असल्यास कळवावे. पाचवा तिचा नवरा, अझीम.

लाँच बुडाली तेव्हा उमैमा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला होती. परतली ती पूर्ण आंधळी होऊन. तिला आणखी एक घाव कसा घालायचा? व्हिसा आला, अझीम दोह्याला गेला, असं सुरय्याच्या तोंडून निघून गेलं. मग मुरुड सोडून ती सासूला घेऊन इथे आली, कुणी ओळखीचं नव्हतं अशा गल्लीत. दर महिन्याला ती अझीमचं पत्र वाचून दाखवायची. हातात कधी विजेचं बिल असे, कधी रद्दीतला कागद. वाचता वाचता तिने न योजलेले शब्द, खास अझीमचे, आपोआप तोंडात येत आणि तिच्या अंगावर काटा उभा राही. कागद खरंच त्याने पाठवलाय, असंही कधी कधी वाटे.

आठ नावं तिने टाइप केली. पाचवं स्कॅनमधून कापून चित्र म्हणून चिकटवलं. डोळस वाचतील, यंत्र गप्प राहील. उमैमा कॉम्प्युटरसमोर थोडीच बसणार होती! पण ते नाव यंत्राच्या तोंडी द्यायला सुरय्याचा हात धजेना.

नवी वेबसाइट अंधाला वाचता येते का, हे तपासायला ऑफिसने बोलावलेले हरिश्चंद्रकाका आले, सुरय्याच्या घराशेजारचे. जन्मांध, एसटीडी बूथवाले. येताना उमैमालाही रिक्षात घालून घेऊन आले.

"सून काय काम करते ते ऐका तरी, भाभी," ते म्हणाले.

काकांनी कळा दाबत नेमकी तीच नोटीस लावली. यंत्राने हिंदी वळणाने आधी बेपत्ता खलाशांना मृत धरण्याचा मथळा वाचला, मग ते नावं वाचू लागलं. चौथं संपलं. "पाच," यंत्र म्हणालं आणि गप्प झालं. मग, "सहा."

काका मागे गेले. "पाच." शांतता. "सहा."

त्या शांततेत कुणीतरी ओल्या कपड्यांनी आपल्या मागे येऊन उभं राहिलंय, असं सुरय्याला वाटलं. वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

"नाव गाळलंस गो," काका म्हणाले. "त्याच्या घरात माझ्यासारखा कुणी असला, तर त्याला कळायचं कसं?"

"खरंच गो," उमैमा म्हणाली. "कुनाचा तरी लेक असंल बिचारा. तू वाच."

सात वर्षं कागदावर नसलेलं वाचणाऱ्या बाईला समोर असलेलं वाचता येईना. तिने खुर्ची ओढली, चित्र काढलं, नाव टाइप केलं आणि कळ दाबली.

"पाच. अझीम मजीद मुकादम. मुरुड, तालुका दापोली."

उमैमा रडली नाही.

"किती वर्सं?"

"सात, अम्मा."

"सात वर्सं मी नमाजीनंतर त्याच्यासाठी लांब उमर मागतेय. गेलेल्या मानसासाठी माफी मागायची असते गो. माझा लेक तिकडं कुनीतरी मागंल म्हनून वाट बघत असंल." ती थांबली. "तू तरी मागितलीस?"

सुरय्याने मान हलवली. उमैमा तोंड तिच्याकडे करून थांबूनच राहिली. तिला ते दिसणार नव्हतं; सुरय्याला ते तोंडाने सांगावं लागलं.

"नाय, अम्मा."