कालचंच पान

“अगं, हे पान काल झालंय,” असं अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंड मिटून घेतलं. शेजारच्या रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. विहारात बसलेल्या साठेक माणसांच्या लक्षात आलं होतं. माइकपुढे बसलेली माझी बायको, कल्याणी, तेवढी निर्धास्त वाचत होती.

विश्रांतवाडीच्या आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. अकरा वर्षं ते कल्याणीकडे आहे. ती पुस्तकात खूण ठेवत नाही. “कुठवर आलो ते मला ठाऊक नको?” हा तिचा तोरा. आणि खरंच, बरोबर तेच पान उघडायची.

गेल्या वर्षी मात्र खंड पडला. फुप्फुसाचा कॅन्सर, त्यातला स्मॉल सेल म्हणतात तो, झपाट्याने पसरणारा. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला. तिथे काडेपेटी गेटवरच काढून घेत, म्हणून तीस वर्षं सगळ्या सिगारेटी मी घरी येऊन ओढल्या. गाठ तिच्या छातीत निघाली. ती मला एकदाही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चार केमो झाल्या, छातीला तीस दिवस रेडिएशन, मग आजार मेंदूत जाऊ नये म्हणून डोक्याला दहा दिवस. “थोडं विसरायला होईल,” डॉक्टर म्हणाले होते. यंदा स्कॅन स्वच्छ आला आणि बाई डोक्याला रुमाल बांधून पहिल्याच दिवशी माइकसमोर हजर.

वाचन संपलं. सगळ्यांनी “साधू, साधू, साधू” म्हटलं, जरा जास्तच मोठ्याने.

घरी जेवताना सून तेजस्विनी बोलून गेली, “आई, रिपीट झालं तरी काय छान वाचलंत!”

कल्याणीचा घास हातातच राहिला. “काय रिपीट झालं?”

तेजस्विनी माझ्याकडे बघायला लागली.

“कालचंच पान वाचलंस,” मी म्हणालो. “त्यात काय एवढं...”

“आणि तुम्ही ऐकत बसलात? एरवी एक शब्द चुकला तरी ते रंगराव हात वर करायचे. आज सगळ्यांची वाचा बसली? मेलेय का मी, गप्प बसून श्रद्धांजली वाहायला?”

मी चाचरत विचारलं, “उद्यापासून दुसऱ्या कुणाला सांगू का?”

“सांगून तर बघा.”

दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. माइक पुढे ओढून म्हणाली, “काल मी परवाचं पान वाचलं. तुम्हाला कळलं, मला नाही. औषधांनी डोकं विसराळू झालंय, कान शाबूत आहेत. चुकले की टोकायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी घरी टीव्ही बघावा.”

कुणीतरी हसलं. तिने पर्समधून हॉस्पिटलचं कार्ड काढलं, आज कुठवर वाचायचं त्या पानात खूण म्हणून ठेवलं आणि सुरुवात केली. वाक्याच्या मध्येच धाप लागे. ती थांबे, आम्ही थांबत असू.

दुपारीच मी विहाराच्या कपाटातली दुसरी प्रत मागून घेतली होती. मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट. तिसऱ्या परिच्छेदात तिची एक ओळ सुटली. रंगरावांचा हात अर्धा वर आला आणि तिथेच अडला. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला चारचौघांत कधी टोकलं नव्हतं.

“एक ओळ राहिली,” मी म्हणालो. आवाज भलताच मोठा निघाला.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कुठली?”

मी वाचून दाखवली.

“हां. आता कसं!” ती म्हणाली आणि ती ओळ पहिल्यापासून, ठणठणीत वाचली.

परतताना पायऱ्यांवर मी हात पुढे केला. तिने त्यात पुस्तकाची पिशवी दिली आणि कठडा धरून एकटी उतरायला लागली.