थोरलीला हवा होता एक इंच

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे, आणि माझा आवाज खर्जातला आहे. तेव्हा घाईत असाल तर आत्ताच उठा. मी सावकाश बोलते.

माझ्या बहुतेक भावंडांना चार तारा असतात. मला सहा आहेत. सगळ्यात बारीक ती धाकटी आणि सगळ्यात जाड ती थोरली. थोरली वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडे, सगळ्यात वर बसते, पण तिचा आवाज सगळ्यात खालचा. ती नीट वाजली की ऐकणाऱ्याला आधी पोटात कळतं, मग कानात. माझी सगळी कहाणी या थोरलीपायी घडली. तिच्यापायी एका भावाबहिणीने चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मला घडवलं दादाने. दादा म्हणजे कपाटं, दारं, पलंग करणारा सुतार. गिटार त्याने आयुष्यात दुसरी केली नाही. त्याच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या ताईला, बास वाजवायचं भारी वेड. ताई शिवणकाम करते. दिवसभर मशीन, आणि रविवारी दुपारी दुकान बंद झालं की तिथेच गाण्याची बैठक. दवाखान्यातली नर्स गाते, बसचा कंडक्टर ड्रम वाजवतो, आणि ताई बास. तिच्या वाढदिवसाला दादाने मला आणून कापायच्या टेबलावर ठेवलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, सहा तारा? मला बोटं पाचच आहेत!"

"शिकशील," दादा म्हणाला. एवढंच. फार बोलायची त्याला सवयच नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

पहिली सहा वर्षं माझी चैन होती. तारा दादाने स्वतः निवडून चढवल्या होत्या. माझ्या तारा पाठीकडून आत ओवतात, पोटातून वर येतात, घोडीवर टेकून सरळ वरच्या हाडाच्या पट्टीकडे जातात आणि मग खुंटीला गुंडाळतात. थोरली बोलू लागली की ताईच्या बॉबिनचा डबा टेबलावर थरथरायचा. नर्सबाई म्हणायच्या, "तू खाली आहेस ना, मग मी वर कितीही जाते." माझं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही.

तारा माणसांसारख्याच थकतात. घामाने, धुळीने त्यांचा आवाज मातकट होतो. दादा तोवर कामासाठी दुसऱ्या गावी राहायला गेला होता. मग ताई स्वतःच तारांच्या दुकानात गेली. पाच जणी एका पाकिटात मिळाल्या, थोरली मात्र सुटी घ्यावी लागली. चढवली, वाजवली आणि काय सांगू, घशात कफ अडकल्यासारखी घरघर! सूर लागायचा नाही, लागला तर टिकायचा नाही.

ताईने हार मानली नाही. तिने शिंप्यासारखा विचार केला: टाका नीट पडत नसेल तर दोरा बदलायचा. आधी बारीक थोरली आणली, ती वाळत घातलेल्या ओल्या चादरीसारखी लोंबली. मग जाड आणली, ती पट्टीच्या खाचेत बसेना. दुकानदार काकांनी कानस घेऊन माझी खाच रुंद केली. मला विचारलंही नाही! तीही घरघरली. मग गुळगुळीत, चपट्या वेढ्यांची आणली. ती घरघरत नव्हती, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी बोलायची. दर वेळी थोरलीच्या वरच्या टोकाला गुंडाळलेला लाल दोरा पट्टी ओलांडून खाली, माझ्या गळ्यावर उतरलेला असायचा. ताईला वाटायचं, शोभेचा असेल. आयुष्य दोऱ्यात गेलेली बाई, पण तो दोरा तिथे का, हे तिने एकदाही स्वतःला विचारलं नाही.

शेवटी तिने दादाला फोन लावला. मी समोरच होते, शब्द न् शब्द ऐकला.

"दादा, तुझं लाकूड वाकलंय."

"माझं लाकूड वाकत नाही," दादा म्हणाला. "तुझा हात वाकडा असेल."

"असं? मग तुझी गिटार तुलाच लखलाभ!"

दोघंही एकाच आईची. फोन आपटला गेला आणि अबोला सुरू झाला. महिना गेला, वर्ष गेलं. दोघांनाही वाटत होतं, आधी समोरच्याने बोलावं. ताईने मला कपडे घालून बघायच्या खोलीत पडद्यामागे खुंटीला लटकवलं. गिऱ्हाइकं माझ्या मानेला पिशव्या अडकवायची, माझ्या डोक्यावर टोप्या ठेवायची. एका बाईंनी तर माझ्या अंगावर ओली छत्री टेकवली. ताई रविवारी नर्सबाईंच्या नव्या-जुन्या गाण्यांना टाळ्या वाजवायची आणि हसायची. पण माझ्याकडे नजर गेली की तिचं हसू मावळायचं. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो. दुखणं माझ्या गळ्यात होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं.

चार वर्षांनी कापायचं टेबल डगमगू लागलं म्हणून एक मिस्त्री आले. टेबल ठोकून झाल्यावर ताईने मला खाली काढलं.

"मिस्त्री, हिची ही जाड तार काढून टाका. खाच बुजवा. पाचच राहू देत. निदान वाजेल तरी."

थोरली गेल्यावर मी कसली मी? आणि ताईला तरी ते कुठे सोपं होतं? बोलता बोलता ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. दादाने रंधा मारलेल्या पाठीवरून.

मिस्त्रींनी कानामागे पेन्सिल खोचली. "पट्टी नवीनच करतो. पाच खाचांची. पण ताई, अंदाजाने काम करत नाही मी. घोडीपासून पट्टीपर्यंतचं माप द्या."

"चौतीस," ताई लगेच म्हणाली. "सगळ्यांचं चौतीसच असतं. दुकानातले काका सांगतात."

"सगळ्यांचं राहू द्या. हिचं सांगा."

ताईने गळ्यातला टेप काढला. तोच टेप, जो ती रोज दहा जणांच्या खांद्याला, कमरेला, मनगटाला लावते. मला मात्र दहा वर्षांत एकदाही लावला नव्हता. एक टोक घोडीवर, दुसरं पट्टीवर.

पस्तीस.

तिने परत मोजलं. पस्तीसच. मग उठून बटणांच्या डब्यांच्या मागून एक पत्र्याचा डबा काढला. शिवणकाम करणारी माणसं काही टाकत नाहीत. डब्यात दादाने चढवलेली पहिली थोरली वेटोळं करून ठेवलेली होती. ताईने ती नव्या तारेशेजारी ताणून धरली. जुन्या तारेचा लाल दोरा चांगला दोन इंच पुढे सुरू होत होता. नवी थोरली माझ्या अंगाला आखूडच पडत होती! पाठीतून ओवण्यात थोडी खर्ची पडायची, वर एक इंच जास्तीचा. जाड तार पट्टीपर्यंत पोचतच नव्हती, पट्टीवर टेकायचं ते तिचं बारीक, दोऱ्यात गुंडाळलेलं शेपूट. ती सुरात बोलणार कशी? पाकिटातल्या पाच जणी नशिबाने लांब निघाल्या होत्या, म्हणून त्यांचं निभावलं.

"अगंबाई," ताई म्हणाली.

मिस्त्री निघाले. "पट्टी नको ना मग?" त्यांनी दारातून विचारलं. ताईने नुसती मान हलवली. मग फोन उचलला.

"दादा, मी बोलतेय."

पलीकडे रंधा थांबला. "बोल."

"तू हिची लांबी किती ठेवली होतीस?"

"पस्तीस," दादा क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "थोरली ऐसपैस ताणली जावी म्हणून एक इंच जास्त. का गं?"

"मग सांगायचं नाही का मला?"

"अगं, तू शिंपीण! आल्यागेल्याचं माप घेतेस. मला वाटलं, पहिल्याच दिवशी टेप लावला असशील."

ताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "लाकूड नव्हतं रे वाकलेलं. मीच चुकले."

"अर्धी चूक माझी," दादा म्हणाला. "तोंड दिलंय देवाने, वापरायला हवं होतं. रविवारी येतो."

आणि तो आला. दोघं टेप घेऊन तारांच्या दुकानात गेली. एकेक पाकीट उघडून तारेच्या खालच्या टोकाच्या कडीपासून लाल दोऱ्यापर्यंत मोजू लागली, तेव्हा काका वैतागले, "तार घेताय की पडद्याचं कापड?" ताईने सगळ्यात जाडही नाही आणि सगळ्यात बारीकही नाही, अशी मधली थोरली निवडली. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेत, त्यांना झेपेल अशी. पण लांबी पुरेपूर.

तार चढवताना दादाने टेबलावरची कात्री उचलली आणि ताई किंचाळली, "कापडाच्या कात्रीला हात लावशील तर याद राख!" तो घाबरून पक्कड शोधायला लागला. "आणि आधी वाकव," तीच म्हणाली, "मग काप. नाहीतर वेढे सुटतात." दादा म्हणाला, "एवढं कळतं, आणि टेप लावायचं कळलं नाही!"

काकांनी रुंद केलेल्या खाचेत दादाने हाडाचा बारीक तुकडा बसवला. लाल दोरा आता पट्टीच्या पलीकडे, खुंटीजवळ होता. ताईने मला मांडीवर घेतलं आणि थोरली छेडली.

बॉबिनचा डबा थरथरला. दादाने माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि आवाज विरेपर्यंत उचलला नाही. मग म्हणाला, "पुन्हा वाजव."

आता नर्सबाई पुन्हा वर जातात, कारण मी खाली आहे. ताईने मला नवी पिशवी शिवली आणि आतून कापडाची एक पट्टी टाचली. त्यावर लिहिलंय: 'पस्तीस इंच. तार पाठीतून. थोरली लांब आणावी. अडलं तर दादाला फोन करावा.' आता मात्र काही अडायची वाट ती बघत नाही. दर रविवारी फोन लावून माझ्यासमोर ठेवते आणि थोरली वाजवून दाखवते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य घरघरत असेल, एखादं माणूस घुसमटत असेल, तर त्याला वाकडं म्हणू नका. खुंटीला लटकवू नका. आधी जवळ बसा आणि त्याचं माप घ्या. सगळ्यांचं नव्हे, त्याचं. कधी कधी नुसता एक इंच कमी पडत असतो.

आणि हो, माझ्यावर ओली छत्री टेकवू नका.