घरातलं घरात

सकाळची गोळी लागू पडेपर्यंत बिरप्पाला सदऱ्याची गुंडी लावता येत नसे. मंद्रूपच्या बाहेर, मेंढरांच्या वाड्याला लागून असलेल्या घरात फुलाबाई रोज चुलीपुढचं काम टाकून नवऱ्यापाशी बसे आणि त्याच्या हाताची थरथर मंदावली की म्हणे, "लावा आता." तिने लावली असती तर पटकन झालं असतं. पण एका शिट्टीत अख्खा कळप वळवणाऱ्या माणसाची गुंडी बायकोने लावायची, हे तिलाच सोसत नव्हतं.

आज मात्र तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. आज पूनमची सुपारी होती. बापाने नवऱ्या मुलाच्या हाती नारळ दिला की सोयरीक पक्की. मुलगा परका नव्हता. शहाजी, फुलाबाईचा सख्खा धाकटा भाऊ. पूनमला खांद्यावर बसवून बाजार दाखवणारा तिचा मामा.

या भागात यात कुणाला वावगं वाटत नाही. बिरप्पाच्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं, आणि बिरप्पाचं मामाच्या मुलीशी, म्हणजे फुलाबाईशीच. जमीन घरात राहते, माया घरात राहते, असं मोठ्या कौतुकाने सांगतात. आणखी काय काय घरात राहतं, ते कुणी बोलत नाही.

चाळिशीच्या आतच बिरप्पाला कंप सुरू झाला. आधी चालताना डाव्या पायाची बोटं आत वळायची, मग हात गेला, मग आवाज खोल गेला. देवऋषी झाले, अंगारे झाले. "त्या घरात कायतरी हाय" म्हणून पूनमला मागणी येईना. तेव्हा फुलाबाईची आई गोजरबाई आपणहून चालत आली. "रडू नगंस, फुले. माझा शहाजी हाय की. घरातलं घरात ऱ्हाईल, कुणाला कळायचं न्हाय." फुलाबाईने आईचे पाय धरले होते.

पण मागच्या महिन्यात सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोचं रक्त तपासून घेतलं आणि फुलाबाईला समोर बसवून समजावलं.

"मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. हातापायांना हलायचा निरोप नीट पोचतो तो त्याच्यामुळं. ते बनवणाऱ्या पेशींच्या आतली मोडतोड साफ ठेवायला एक जनुक असतं. आईकडून एक मिळतं, वडिलांकडून एक. एक बिघडलेलं असलं तरी दुसरं निभावून नेतं. तुमच्या मालकांची दोन्ही बिघडलीत. पेशी मरत गेल्या, निरोप पोचेनासे झाले."

"दोनी कशी वो बिघडली?"

"दोन्हीकडचं घर एकच होतं ना, बाई. तुमच्यातही एक बिघडलेलं आहे, तुमच्या भावातही असू शकतं. मुलीला त्या घरात देऊ नका."

फुलाबाई घरी आली ती गप्पच राहिली. आईचा उपकार कोणत्या तोंडाने नाकारायचा?

दुपारी जीप आली. गोजरबाईने उतरताच हुकूम सोडला. "जावयाला आत बसीव, वर घोंगडं टाक. सुपारीला आलेल्या मान्सांस्नी हात दिसाया नगं." भर उन्हाळ्यात फुलाबाईने आपल्या हाताने नवऱ्याच्या अंगावर घोंगडं टाकलं. त्याने ते निमूट अंगाभोवती ओढून घेतलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नारळ द्यायला मात्र बापच लागतो. बिरप्पा उठला आणि उंबऱ्याशी येऊन थिजला. पाय उचलेना. कुणीतरी हसलं. फुलाबाईने रोजच्यासारखी त्याची काठी त्याच्या पावलांपुढे आडवी ठेवली. ती ओलांडायच्या नादात तो उंबराही ओलांडून आला.

नारळ त्याच्या हातात थरथरत होता. समोरून पूनम चहाचा ट्रे घेऊन आली. मध्येच तिचा तोल गेला. डाव्या पायाची बोटं आत वळली होती.

बिरप्पाने ते पाऊल ओळखलं. ते त्याचंच होतं. त्याचे ओठ हलले, पण कुणाला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणतुया?" गोजरबाईने विचारलं.

"न्हाय म्हणत्यात," फुलाबाई मोठ्याने म्हणाली. "आन मीबी न्हाय म्हणते. ही सोयरीक व्हायची न्हाय."

"असं पांग फेडलंस व्हय गं माझं?"

"आये, घरातलं घरात ऱ्हायलं म्हून तर ह्यांचा हात असा झाला. डाक्टरनीनं सांगितलंय. आता शहाजीच्या लेकरांच्याबी हातात द्यायचं व्हय ह्ये?"

"मंग आजपस्नं तुला म्हायेर न्हाय!"

शिजलेल्या पुरणाला कुणी हात लावला नाही. शहाजी खाली मान घालून जीपमध्ये बसला. जीप दिसेनाशी होईपर्यंत फुलाबाई दारात उभी होती. मग आत येऊन तिने पूनमचं पाऊल मांडीवर घेतलं. ज्या बोटांत जोडवी यायची, ती चोळू लागली.

"कवापस्नं गं?"

"दिवाळीपस्नं." पूनमला हुंदका आवरेना. "सांगितलं आस्तं तर मामाबी न्हाय म्हणला आसता."

बिरप्पा नारळ धरून तसाच उभा होता. गोळीचा असर उतरत चालला होता, आणि नारळातलं पाणी डचमळताना ऐकू येत होतं. लेकीला आपण काय दिलं, हे त्या माणसाला कळलं होतं. रडतानाही त्याचा चेहरा हलत नव्हता.

फुलाबाईने डोळे पुसले. "उद्या हिला सोलापूरला न्यायची. पर आदी शेजारच्या सुंदरम्माकडं जाते. तिच्याबी लेकीची सुपारी हाय, मामाशीच."

"काय... सांगशील?" बिरप्पाने कसंबसं विचारलं.

"सांगून कोन ऐकतंय? पोरीचा पाय दावला तर ऐकत्याल."

पूनमने झटक्यात पाऊल साडीखाली ओढून घेतलं. बाहेर मेंढरं वाड्याकडे परतत होती.

मग पूनम भिंतीला धरून उभी राहिली. "चल," ती म्हणाली. "मी येते."