खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचे कोरे कागद

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. भाईंदरच्या केबिन रोडवर १९८९ साली मला लाकडी मूठ बसली. माझे मालक आत्माराम हे कस्टम एजंट. बंदरात आलेला लोकांचा माल कागदपत्रं करून सोडवायचा, हे त्यांचं काम. सही त्यांची, ठसा माझा; मगच पेट्या हलत.

ठसा, ठळक

खंडेनवमीला हाटकेश भागातल्या घरी माझी पूजा होई. त्या दिवशी मला राबवायचं नाही, ही मालकांच्या रत्नागिरीच्या घरातली रीत. पण माल कसा थांबणार? म्हणून ते आदल्या दिवशीच कोऱ्या कागदांवर सही-शिक्का करून कारकून लवूकडे देत.

"अहो, सुट्टी द्यायची म्हणून आधीच राबवून घेता होय त्याला?" त्यांच्या पत्नी आनंदीबाई चिडवत. मालक हसत.

एका वर्षी लवूने त्यातला एक कागद ओळखीच्या व्यापाऱ्याला दिला. त्यावर भलताच माल सुटला. कस्टम खात्याला ते कळलं, तरी कितीतरी महिने मालकांचं काम चालूच होतं. मग अचानक हुकूम आला: परवाना तातडीने निलंबित.

ठसा, पुसट

मी देव्हाऱ्याशेजारी पडून राहिलो. आनंदीबाई मात्र शाईच्या गादीवर अधूनमधून पाण्याचे थेंब टाकत.

"कशाला? संपलं ते," मालक म्हणाले.

"सुकली तर उद्या कशावर टेकवाल त्याला?"

वकील हंसाबेन म्हणाल्या, "आत्मारामभाई, कोरे कागद दिले ते कबूल करायचं. लपवायचं नाय. पण तुम्हाला एक शब्द तरी विचारला काय खात्याने?"

"नाही."

"मग तेच तर भांडण आहे!"

हायकोर्टात मालकांनी मला खिशात नेलं होतं. न्यायाधीशांनी खात्याला विचारलं, "इतके महिने यांना काम करू दिलंत, मग तातडी कसली? यांचं म्हणणं कधी ऐकलंत?"

निलंबन रद्द झालं. पुढे चौकशीत मालकांनी आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. ताकीद मिळाली, परवाना राहिला.

ठसा नाही

त्यानंतरच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "शेठ, दोन-चार कागद मारून ठेवा ना!"

मालकांनी मला उचललं. गादी उघडली. पुन्हा मिटली.

"माल थांबेल हो एक दिवस," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी माझ्या उलट्या अक्षरांवर हळदकुंकू वाहिलं.

मित्रांनो, आता माझी मूठ चिरली आहे. हत्याराला विसावा द्याल तो खराखुरा द्या. आणि कुणी चुकलं, तर त्याच्यावर ठसा उमटवण्याआधी त्याला एकदा विचारा.

इथे खाली माझा ठसा यायला हवा होता. पण आज खंडेनवमी आहे.